ताईगवत

त्या गावात डोंगरावर माजलेल्या उंच, तुरेवाल्या गवताला ताईगवत म्हणतात. शाळेतली पोरं तसं म्हणतात, गावच्या मोठ्या बागेतल्या पाटीवरही तेच नाव आहे, आणि पत्ता सांगताना लोक सहज बोलून जातात, ‘ताईगवताच्या अलीकडे वळा.’ ज्या ताईवरून हे नाव पडलं, ती अजून त्याच गावात राहते. पानगळीचे दिवस आले की ती हमरस्ता सोडून मागच्या गल्ल्यांनी बाजार करते. तरी कोणी ना कोणी गाठतंच आणि कौतुकानं म्हणतं, ताई, यंदा तुमचं गवत काय झकास आलंय. तिची कानशिलं तापतात, नजर जमिनीकडे जाते, आणि पिशवी सावरत ती काढता पाय घेते. लोक आपसात म्हणतात, एवढं नाव झालं, पण बाईंना गर्व म्हणून नाही.

ही ताई बागेच्या रोपवाटिकेत कामाला लागली तेव्हा जेमतेम विशीची होती. आईबाप लवकर गेले, त्यामुळे तिला लहानाचं मोठं केलं ते दादानं. दादा तिच्याहून चांगलाच थोरला. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं घर, घरामागे मेंढवाडा आणि वर पार माथ्यापर्यंत कुरण. दादा मेंढ्या राखायचा, वहिनी लोकर धुऊन पिंजून विकायची. बहिणीनं मेंढ्यांमागे आयुष्य काढू नये म्हणून दादानं तिला शिकवलं आणि ओळखीपाळखी काढून बागेत चिकटवलं. पहिल्या दिवशी तो स्वतः तिला फाटकापर्यंत सोडायला गेला आणि बागेच्या साहेबांना म्हणाला की पोर हाताची गुणी आहे, जरा सांभाळून घ्या. ती मान खाली घालून उभी राहिली. तेव्हाची लाज गोड होती.

हात मात्र खरंच गुणाचा निघाला. जी कलमं जुन्या माळ्यांच्या हातून सुकायची, ती तिच्या हातून लागायची. साहेब म्हणायचे, हिनं छत्रीची काठी रोवली तरी पालवी फुटेल. बागेतल्या बायाबापड्या, मुलांना फिरवायला येणारे आजोबा, सगळे तिला ताई म्हणू लागले आणि काही वर्षांत तिचं पाळण्यातलं नाव दादाशिवाय कोणाच्या लक्षातच राहिलं नाही. दादा मात्र तिला छकूच म्हणायचा.

गावाची शान म्हणजे पानगळ. हमरस्त्याच्या दोन्ही अंगांचे पॉप्लर हळदीसारखे पिवळे व्हायचे, बागेतले मेपल शेंदरी. डोंगराच्या कडेला रानचेरीची जुनी झाडं होती, ती सगळ्यांच्या आधी लालबुंद होत. त्यांच्या मागून ओक तपकिरी पडत. आणि सगळ्यात शेवटी, दव गोठायला लागलं की, वरच्या कुरणातलं बुटकं गवत रंग धरायचं. त्या गवताला सगळे तांबडी म्हणत. एरवी ते कोणाच्या खिजगणतीत नसायचं, पण थंडीच्या तोंडावर डोंगराचा सगळा माथा जांभळट तांबडा व्हायचा, आणि मेंढ्यांनी चरून ते जमिनीलगत राखलेलं असल्यामुळे तो रंग कसा अंथरल्यासारखा दिसायचा. बाहेरगावची माणसं हे बघायला यायची, रस्त्यावर बाकं टाकून बसायची, गावातल्या खानावळी भरून जायच्या.

अडचण एकच होती. एक सणसणीत वारा आला की बागेतलं सगळं पान खाली. पाहुणे दुसऱ्या आठवड्यात येत ते उघड्या फांद्या बघून हिरमुसून जात. साहेब दरवर्षी वैतागत. असं काहीतरी आणा, म्हणत, की जे पानं गळाल्यावरही उभं राहील. त्यांनीच ताईला दूरच्या एका शहरात रोपांच्या प्रदर्शनाला पाठवलं, आणि तिथं एका कोपऱ्यातल्या मांडवात तिला ते गवत दिसलं. माणसाच्या खांद्याएवढं उंच, पितळेच्या रंगाचं, आणि वर रेशमासारखे लांब तुरे. पंख्याचा वारा लागला की ते सगळं एकदम झुकायचं आणि परत उभं राहायचं. ताई तिथून हलेना. येताना तिनं त्याचा एक ठोंब ओल्या पोत्यात गुंडाळून आणला, आणि बसमध्ये सबंध रस्ता मांडीवर धरून बसली, तान्ह्या मुलाला धरावं तसा.

त्या ठोंबानं तिचं नशीब उघडलं. दोन-तीन वर्षांत तिनं तो फोडून फोडून बागेतल्या तळ्याकाठी लांबलचक ताटवा केला. पानगळीत सगळ्या झाडांची पानं उडून गेल्यावरही तो ताटवा उभा होता, आणि मावळतीचं ऊन मागून आलं की पेटल्यासारखा दिसत होता. गाव लोटलं. लोक साहेबांना विचारत, हे कोणी आणलं, आणि साहेब मोकळेपणानं तिच्याकडे बोट दाखवत. ताई तोपर्यंत कधी कोणाच्या समोर आलेली नव्हती. आता ती पांढरा एप्रन घालून ताटव्याशी उभी राहू लागली, गवताबद्दल चार गोष्टी सांगू लागली, आणि कोणी मागितलं तर हसून एक फुटवा देऊ लागली. हात आखडता घेणं तिला माहीतच नव्हतं. दवाखान्याच्या दारात, शाळेच्या कुंपणाला, लोकांच्या अंगणात, जिथं तिथं ते लागलं. कोणीतरी ताईगवत म्हणालं आणि तेच तोंडी बसलं. खरं सांगायचं तर तिला ते नाव मनापासून आवडलं होतं.

वहिनीनंही मागितलं. दादाच्या कुंपणाला ताईनं स्वतः खड्डे करून ते लावलं. दादा मेंढ्या आत घालून आला आणि हात कमरेवर ठेवून बघत राहिला. मग त्यानं विचारलं, ‘छकू, हे वर कुरणात तर नाही ना जायचं?’

ताईला हसू आलं. वहिनी होती, शेजारची दोघं-तिघं होती. सगळ्यांच्या देखत ती म्हणाली, ‘दादा, हे बागेतलं गवत आहे. लाडावलेलं. तुझ्या त्या खडकाळ डोंगरावर त्याला कोण विचारतंय?’

सगळे हसले. दादाही हसला. बहीण शिकलेली होती, बागेत होती. तिला ठाऊक नाही तर कोणाला असणार?

पुढच्या वर्षी बागांची मोठी स्पर्धा जाहीर झाली आणि साहेबांनी तळ्याकाठच्या ताटव्याचं नाव दिलं. ताई आता बागेजवळ खोली घेऊन राहायची; परीक्षक यायच्या आधीच्या दिवसांत ती एकदा दादाकडे मुक्कामाला गेली होती. सकाळी सहज म्हणून कुंपणापलीकडे पाय मोकळे करायला निघाली, आणि पायवाटेच्या कडेला तिला ती रोपं दिसली. बोटभर उंचीची, कोवळी, पण पात्याची ती कड आणि ती मधली पांढरी रेघ तिला डोळे मिटूनही ओळखू आली असती. एक दिसलं, मग दहा दिसली, मग तिनं वर पाहिलं तर वाट संपेपर्यंत दिसत गेली. तांबडीच्या गादीतून ती सुयांसारखी वर आली होती.

तिनं इकडंतिकडं पाहिलं. कोणी नव्हतं. खाली बसून तिनं रोपं उपटायला सुरुवात केली आणि दप्तरासारख्या पिशवीत कोंबली. वहिनीनं हाक मारली तशी ती हात झटकत उठली आणि म्हणाली की पाय मोकळे करत होते. दुसऱ्या दिवशीही ती पहाटे उठली, तिसऱ्याही. साहेबांना सांगावं, असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण सांगितलं तर ते ताटव्याचं नाव मागं घेतील. गावभर वाटलेलं गवत परत कसं मागायचं? आणि दादाच्या कुंपणाशी आपण सगळ्यांसमोर काय बोललो होतो? स्पर्धा होऊन जाऊ दे, मग बघू, असं तिनं स्वतःला समजावलं. मूग गिळून ती गावात परतली.

ताटव्याला पहिला क्रमांक मिळाला. साहेब मोठ्या शहरात बदलून गेले आणि जाताना तिला रोपवाटिकेची प्रमुख करून गेले. कामं वाढली. डोंगराकडे जाणं कमी झालं. खरं म्हणजे तिनंच कमी केलं. जेव्हा गेली तेव्हा वर बघायचं टाळलं. सगळं कळत असून न कळल्यासारखं वागायचं एकदा अंगवळणी पडलं की माणूस त्यात किती वर्षं काढू शकतो, याला काही हद्द नाही.

गवत मात्र थांबलं नाही. वारा खालून वर जाणारा, बी कापसासारखं हलकं. आधी वाटेच्या कडा भरल्या, मग उतार, मग माथा. मेंढ्या त्याला तोंड लावत नव्हत्या. पात्याची धार अशी की ओठ कापायचे. भुकेनं एखादीनं खाल्लंच तर तोंडाला फोड यायचे. ठोंबांच्या सावलीत तांबडी कुजून गेली. दादानं कळप कमी केला, मग आणखी कमी केला, आणि एका थंडीत उरलेल्या मेंढ्याही लांबच्या एका मेंढपाळाला देऊन टाकल्या. नंतर तो गावाबाहेरच्या गोदामावर राखणदार म्हणून लागला. जन्मभर वाऱ्यावर फिरलेला माणूस, खाकी कपडे घालून पत्र्याच्या खोलीत रात्रभर बसू लागला.

एवढं झालं तरी त्यानं ताईला कधी एका शब्दानं विचारलं नाही. ती घरी गेली की तो पूर्वीसारखाच म्हणायचा, ये छकू, बस. तिच्या नोकरीची चौकशी करायचा. ती उत्तरं द्यायची आणि मेंढवाड्याच्या बंद दाराकडे पाठ होईल अशी खुर्ची सरकवून बसायची. दादानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं. त्याचं ते साधं बोलणं तिला जाळायचं.

ती निवृत्त झाली तेव्हा गावानं सभागृहात समारंभ केला. नगराध्यक्ष बोलले, शाळेच्या मुख्याध्यापिका बोलल्या. या बाईंनी आपल्या गावाला रंग दिला, असं म्हणाले. पडद्यावर डोंगराचं छायाचित्र दाखवलं. पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकच सोनेरी पिवळा रंग, सगळीकडे तुरेच तुरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नव्या मुलांना तर डोंगर असाच असतो असं वाटत होतं; तांबडीचा रंग बघितलेली माणसं म्हातारी झाली होती. ताईनं मान वर केली तर शेवटच्या रांगेत दादा उभा. कामावर जाता जाता आला असावा, अंगावर गोदामाचे खाकी कपडे होते. तो मन लावून टाळ्या वाजवत होता. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं ताईला झालं. तिला बोलायला उभं केलं, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. लोकांना वाटलं, बाई भारावल्या.

त्यानंतरच्या पानगळीत डोंगर पेटला. भर दुपारी, कोरड्या वाऱ्यात. ठिणगी कुठून पडली ते शेवटपर्यंत कळलं नाही. तांबडीच्या काळात आग लागली तरी जमिनीवरून सरपटत जायची आणि ओल्या पोत्यांनी विझायची. पण ह्या गवताची आग पुरुषभर उंच उठली आणि वाऱ्याबरोबर पळत सुटली. बंब आले तोवर कडेची रानचेरी गेली होती. ती झाडं दादाच्या आजोबांच्याही आधीची. ऐन रंगात होती; लाल पानं आगीत उडाली ती कुठली जळकी आणि कुठली रंगलेली ते कळत नव्हतं. रिकामा मेंढवाडाही जळला. माणूस कोणी दगावलं नाही, घर वाचलं. ताई रस्त्यावर गर्दीत उभी राहून बघत होती. शेजारचा केशकर्तनालयवाला हळहळला, तुमचं गवत गेलं हो ताई.

गेलं कुठलं! उन्हाळा लागायच्या आत काळ्या जमिनीतून तेच आधी वर आलं, पूर्वीपेक्षा दाट. चेरीचे जळके बुंधे तसेच उभे, आणि त्यांच्या पायाशी हिरवेगार ठोंब.

ते बघितलं त्या दिवसापासून ताई डोंगरावर जाऊ लागली. सकाळी उजाडताच डोक्याला रुमाल गुंडाळायची, म्हणजे ओळखू येऊ नये, आणि दादाच्या घराची बाजू टाळून पलीकडच्या उतारानं चढायची. कुदळीनं ठोंब मोकळा करायचा, हात घालून मुळासकट ओढायचा, पोत्यात भरायचा. वय झालं होतं. दिवसाकाठी सतरंजीएवढी जागा मोकळी व्हायची. हातमोजे घातले तरी पाती मनगटं कापायची. एकदा छायाचित्रं काढायला आलेलं एक जोडपं वाटेत थांबलं. बाईनं नवलानं विचारलं, ‘आजी, एवढं सुंदर गवत का उपटताय?’ ताई पटकन म्हणाली, ‘घरी लावायला नेतेय.’ ते कौतुक करून निघून गेले आणि ती पोत्याकडे बघत बसली. इतकं वय झालं, पिकल्या केसांनी, गुडघ्यावर बसून, परक्या माणसांशी आपण अजून खोटंच बोलतोय.

हाताच्या जखमा भाचीच्या नजरेतून सुटल्या नाहीत. दादाची ही मुलगी औषधांच्या दुकानात होती. मलम लावता लावता तिनं आत्याला खोदून खोदून विचारलं, आणि आत्या रोज डोंगरावर गवत उपटते हे कळल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

‘आत्या, तू कशाला स्वतःला असं छळतेस? तुला काय स्वप्न पडलं होतं असं होईल म्हणून? बाबा नेहमी सांगतात. मेंढ्या दिल्या तेव्हा आई एकदा खूप बोलली होती तुझ्याबद्दल. बाबांनी तिला तिथंच गप्प केलं. म्हणाले, तिला ठाऊक असतं तर तिनं स्वतःच्या हातानं उपटून टाकलं असतं. माझी बहीण आहे, मी ओळखतो तिला.’

ताईनं हात सोडवून घेतला. इतकी वर्षं दादा का गप्प होता, ते तिला आज कळलं. तिला वाटत होतं तो राग गिळतोय. तो राग गिळत नव्हता. त्याला रागच नव्हता, कारण आपल्या बहिणीला ठाऊक नव्हतं, ह्या एका गोष्टीवर तो उभा होता.

ती तशीच उठून दादाकडे गेली. तो नुकताच झोपून उठला होता आणि ओट्यावर बसून बुटांना पॉलिश करत होता. वहिनी आत होती. ताई पायरीवरच उभी राहिली. सांगताना तिनं कशालाही मुलामा दिला नाही. स्पर्धेच्या वर्षी वाटेवर रोपं दिसली होती, वाट संपेपर्यंत दिसली होती. लपून उपटली. साहेबांना सांगितलं असतं तर तेव्हा आवरलं असतं. सांगितलं नाही, कारण क्रमांक हवा होता. आणि तुझ्यासमोर तोंडावर पडायचं नव्हतं.

दादाचा ब्रश थांबला.

‘म्हणजे तुला माहीत होतं,’ तो म्हणाला.

‘हो.’

‘मी मेंढ्या दिल्या तेव्हाही?’

‘हो, दादा.’

त्यानं बूट खाली ठेवला, दुसरा उचलला, तोही ठेवला. मग पायात काहीच न घालता आत गेला आणि दार लोटून घेतलं. जोरात नाही, नेहमी लोटतो तसंच. ताई आल्या पावली परतली.

सबंध थंडी दादा तिच्याशी बोलला नाही. रस्त्यात दिसला तर बाजू बदलायचा. वहिनी एकदा लोकरीचे मोजे घेऊन आली. ती फारशी आपुलकी दाखवणारी बाई नव्हती. मोजे टेबलावर ठेवून ती उभ्याउभ्या म्हणाली, ‘वन्सं, मी तुमच्यावर पहिल्यापासून रागावलेच होते, त्यामुळे मला नवीन काही वाटलं नाही. पण त्यांचं तसं नाही. त्यांना आता सगळं पहिल्यापासून रागवायचंय. वेळ लागेल.’ आणि दारात गेल्यावर मागं वळून म्हणाली, ‘सांगितलंत ते बरं केलंत. मी नसतं सांगितलं.’

ताई डोंगरावर जातच होती. आता रुमालानं तोंड झाकायचं तिनं सोडलं आणि दादाच्या घरावरूनच चढू लागली. लपण्यासारखं काही राहिलं नव्हतं. शरम मात्र गेली नव्हती. उलट खिडकीत कोणाची सावली हलली की ती मान खाली घालून भराभर चढायची.

बर्फाळ वारे ओसरल्यावर एका सकाळी दादा वर आला. गोदामावरून थेट आलेला, डोळे जागरणानं लाल. ती ठोंबाशी झटत होती. त्यानं काही प्रास्ताविक केलं नाही. उभ्याउभ्या बोलायला लागला आणि बोलतच सुटला. एकेका मेंढीबद्दल बोलला. एक मेंढी देताना मागं वळून वळून ओरडत होती, तिच्याबद्दल बोलला. गोदामातला पोरगेलेसा मॅनेजर त्याला अरेतुरे करतो, ते सांगितलं. आजोबांनी ज्या चेरीला झोका बांधला होता तिचं सांगितलं. मध्येच त्याचा आवाज फुटला तेव्हा तो दरीकडे तोंड करून उभा राहिला आणि मग परत वळून बोलू लागला.

‘मी तुझ्या वतीनं घरात भांडलो, छकू. माझ्या बायकोशी. तू मला खोटं पाडलंस.’

ताई कुदळीच्या दांड्याला धरून उभी राहिली. ‘मला माफ कर’ हे शब्द तिच्या ओठांवर आले, पण तिनं ते गिळले. एवढ्या मोठ्या नुकसानीपुढं ते दोन शब्द ठेवणं तिला हातचलाखीसारखं वाटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. लहानपणी तिनं दूध सांडलं तरी दादा तिला रागावला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तो तिला रागावत होता, आणि तिला अंगभर लाज वाटत असतानाच कुठंतरी असंही वाटत होतं की आता हा माझ्याशी खरं बोलतोय.

शेवटी तो दमून दगडावर बसला. म्हणाला, ‘मला सांगितलंस. गावाला कोण सांगणार? ते अजून फुटवे वाटताहेत.’

त्या वर्षी पानगळीच्या उद्घाटनाला बागेनं नेहमीप्रमाणे ताईला बोलावलं. ती आधी दरवर्षी काही ना काही निमित्त काढून टाळायची. ह्या खेपेला गेली. तळ्याकाठी खुर्च्या मांडल्या होत्या, पाठीमागं तिचा ताटवा डुलत होता. ती बोलायला उभी राहिली आणि जे दादाला सांगितलं तेच सगळ्यांना सांगितलं. कोणी हसलं नाही, कोणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. नव्या बाग अधीक्षक बाई, ज्यांना तिनंच कलमं करायला शिकवलं होतं, त्यांचा चेहरा उतरला. खानावळवाला मागून म्हणाला की पाहुणे हेच बघायला येतात, त्याचं काय करायचं? सभा तशीच विसकटली. जाताना काही जण तिच्या नजरेला नजर न देता गेले, आणि त्यांच्यापैकी एकीच्या अंगणात तर ताईनं स्वतःच्या हातानं ते लावून दिलं होतं.

पुढं जे झालं ते तिच्या अपेक्षेपेक्षा कमी झालं आणि भीतीपेक्षा बरं. बागेनं फुटवे वाटणं बंद केलं. तळ्याकाठचा ताटवा लगेच काढला नाही. तुरे बी धरायच्या आत छाटायचे, एवढं ठरलं. शाळेनं कुंपणाचं गवत काढलं, दवाखान्यानं नाही काढलं. काही लोक तिच्यावर चिडले. केशकर्तनालयवाला तोंडावर म्हणाला की ताई, तुम्हीच आणलंत आणि तुम्हीच नाकं मुरडता. तिनं ते मुकाट ऐकून घेतलं, कारण त्यात चूक काहीच नव्हतं. नाव काही बदललं नाही. ज्यांना हकिगत कळली ती माणसं हे नाव जरा दबक्या आवाजात घेतात, आणि ज्यांना कळली नाही ते अजून कौतुकानं घेतात. दोन्हींनी तिला सारखंच टोचतं.

डोंगराचं म्हणाल तर सबंध डोंगर त्यांच्या हयातीत मोकळा होणार नाही. घरामागून वर जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही अंगांना एक पट्टा तेवढा साफ झालाय. तिथं तांबडी परत धरतेय, पण विरळ. मध्ये मध्ये नुसती माती दिसते. गेल्या थंडीत तांबडीनं रंग धरला तेव्हा तो रस्त्यावरून दिसण्याएवढाही नव्हता. भाची सुट्टीच्या दिवशी येते, वहिनी कधी येते कधी नाही. बागेतून दोन माणसं आठवड्यातून एकदा येतात.

दादा रात्रपाळी संपवून येतो. येतो तेव्हा फारसं बोलत नाही. पूर्वीचा तो साधेपणा त्यांच्यात परत आलेला नाही. कधी कधी एखादा ठोंब निघता निघत नाही तेव्हा तो अजून तिच्याकडे अशा नजरेनं बघतो की ती दुसरीकडे तोंड फिरवते. पण येतो. परवा सकाळीही आला. कुदळ घेऊन त्यानं थोडा वेळ काम केलं, मग भरलेल्या पोत्याला टेकून बसला आणि बसल्या जागी त्याला झोप लागली, तोंड उघडं, टोपी नाकावर घसरलेली. ताईनं हातातला ठोंब ओढला तशी मुळं तटतटा तुटल्याचा आवाज झाला. दादा चुळबुळला. ती थांबली, कुदळ अलगद उचलली, आणि त्याची झोप मोडू नये म्हणून वर दूर जाऊन पुढचा ठोंब धरला.